परक्याच्या पोथीवर हात

दुसऱ्याच्या कामात दुरुस्ती करणे चोरीपेक्षा अवघड आहे. चोराला निदान वस्तू जशीच्या तशी हवी असते. दुरुस्ती करणाऱ्याला ती ‘बरी’ करायची असते, आणि या बरेपणाला अंत नसतो.

येथे मुर्ध्याला खाडीकाठी राहणाऱ्यास हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. अवसेच्या भरतीला शेजाऱ्याच्या आगराचा बांध झिरपू लागला आणि शेजारी परगावी असला, तर वाटेवरचा माणूस चार ढेकळे टाकून भोक बुजवील, बुजवायलाच हवे. पण त्या निमित्ताने उघाडी हातभर सरकवून ठेवील, तर ते उपकार कोण मानील?

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या धंद्यात आहे. त्याच्या तोंडून मी डेबियनची हकिकत ऐकली. इयान मर्डॉक याने १९९३ साली सुरू केलेली ही संगणक-प्रणाली. जगभरचे लोक ती स्वखुशीने चालवतात. तिच्यात हजारो पॅकेजे, म्हणजे बांधून ठेवलेली गाठोडीच म्हणा ना, आणि प्रत्येकाचा सांभाळ करणारा कोणी ना कोणी नेमलेला. गंमत अशी की, पक्क्या सभासदाला कोणाच्याही गाठोड्यात हात घालता येतो. कुलूप नाही, म्हणूनच रीत आहे. आधी दोष चारचौघांत नोंदवायचा, आपली दुरुस्तीही तेथेच मांडायची. मग ती काही दिवस, फार तर १५ दिवस, रांगेत थांबवून ठेवायची, म्हणजे मूळ सांभाळणाऱ्याला ती पाहता येते, नको असेल तर थांबवता येते. निकड मोठी असली तर थांबणे कमी. दोष असेल तेवढाच काढायचा. त्याच्या बांधणीची तऱ्हा आपल्याला आवडत नाही म्हणून ती बदलायची नाही. नोंदवहीत पहिल्याच ओळीत लिहायचे की, हे काम सांभाळणाऱ्याचे नव्हे. आवृत्तीच्या आकड्यालाही शेपूट लागते: ३ होते, त्याचे ३.१ झाले. आणि आपल्या दुरुस्तीने नवे काही मोडले, तर निस्तरायला आपणच हजर राहायचे.

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मला त्यातले यंत्र कळले नाही, पण शेपटाने मात्र मी अगदी भारावून गेलो. माझ्या एका कादंबरीत आगरी माणसे ‘मना’ म्हणत होती. छापून आली तेव्हा ती सगळी ‘मला’ म्हणू लागली होती. संपादकांचा हेतू चांगला होता. परंतु कोठे खूण नाही, चिठ्ठी नाही! पाने उलटीत एकेक ‘मना’ शोधताना मला वाटले, बदलाचे दुःख कमी, बदल लपल्याचे अधिक.

आता थोडे धाडसाचे बोलतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पाठभेदांनी ती बिघडली म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. ज्याला विचारावे तो २९४ वर्षे दूर! तरी नाथांनी केवढी मर्यादा पाळली: काम कधी पुरे झाले ते लिहून ठेवले, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे पुढच्यांना बजावले. स्वतः एवढा मोठा कवी असून असे म्हणणे सोपे नव्हे. तथापि नऊ हजार ओव्यांत नेमके कोठे काय बदलले, याची यादी त्यांनी मागे ठेवलेली नाही. त्या काळी तशी चाल नव्हती, हे खरे. त्यांना बोल लावण्याची माझी प्राज्ञा नाही. पण त्या न ठेवलेल्या यादीमुळेच पुढे राजवाड्यांना नाथपूर्व पोथीचा ध्यास घ्यावा लागला. त्यांनी तशी म्हणून एक प्रत १९०९ साली छापली, आणि पंडितांचे वाद पेटले ते पेटलेच.

वारकऱ्यांच्या पारायणाचे त्यावाचून काही अडले नाही, ही गोष्ट वेगळी. मी मात्र दोन्ही पोथ्या शेजारी मांडून बसतो. एखादा शब्द येथे एक आणि तेथे दुसरा दिसला, की तेवढ्या ओवीपुढे पेन्सिलीने बारीक टिंब देतो. खोडता येईल असे.