भाचीच्या रंगाची बाटली

गेल्या पौषातील गोष्ट. संध्याकाळी कचेरीतून परतून आम्ही चहाचा पेला हातात घेतो न घेतो तोच आमची भाची समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मला फाउंडेशन घेऊन देशील?"

पदवी पदरात पडल्यापासूनची आमची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली आहेत. फाउंडेशन म्हणजे मंत्रिमहोदयांच्या हस्ते बसवायची कोनशिला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आम्हाला ठाऊक. आमच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून सौ.ने खुलासा केला की, ही कोनशिला चेहऱ्यावर बसवायची असते. त्वचेच्याच रंगाचा तो एक पातळ लेप. डाग, पुटकुळ्या, लाली त्याखाली झाकून जाते. बारावीच्या मुलींचा निरोपसमारंभ माघाच्या आरंभी व्हायचा होता. दिल्लीच्या शाळांतून त्या दिवशी मुली साड्या नेसून येतात, आणि आयुष्यातील पहिल्या साडीइतकेच त्या दिवसाच्या छायाचित्रांनाही महत्त्व असते. "पाचशेच्या आत बसेल असं बघ," असे सांगून भाचीने अंदाजपत्रकही आपणच मंजूर करून टाकले.

मागणी साधी होती. परंतु भाचीचा रंग साधा नव्हे. तिचे केस मक्याच्या कणसाच्या केसरांसारखे, पापण्या पांढऱ्या, डोळे निळसर करडे आणि सतत किंचित हलणारे. त्वचेला, केसांना व बुबुळांना रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य तिच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. तसे तिचे आईबाप चारचौघांसारखे सावळे आहेत. दोघांच्याही ठिकाणी हा दोष सुप्त असला, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक इतका त्याचा संभव असतो; आमच्या बहिणीच्या वाट्यास तो एक आला. हे कोड नव्हे. कोडात रंग बनविणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. येथे पेशी जागच्या जागी असतात, त्यांचे काम तेवढे बंद असते. हा संसर्गही नव्हे. ही चार वाक्ये आम्ही आजवर इतक्या लोकांना ऐकविली आहेत की, ती छापून खिशात ठेवावीत असे कधीकधी वाटते.

या वर्णहीनतेबरोबर दृष्टीही अधू येते. डोळ्यांतील पडद्याचा मध्यभाग पुरता घडलेला नसल्यामुळे चष्म्यानेही ती पूर्णपणे सुधारत नाही. दोन वर्षांपूर्वी येथील आयुर्विज्ञान संस्थेच्या राजेंद्रप्रसाद नेत्रकेंद्रात दाखविण्यासाठी बहिणीने तिला साताऱ्याहून आणले, आणि अकरावीसाठी ती रामकृष्णपुरमच्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी निवासात राहिली ती राहिलीच. पुस्तक नाकाशी धरून वाचते. पण वाचते मात्र आमच्या दुप्पट वेगाने.

दिल्लीचा हिवाळा म्हणजे उन्हाचा उत्सव. दुपारी गच्चीवर खाटा टाकून, मटार सोलत, संत्री खात सारी वसाहत उन्हात पडलेली असते. एकटी आमची भाची सावलीच्या कडेकडेने चालते. दाट धुके पडले की सारे शहर कुरकुरते आणि ही तेवढी आनंदाने फिरायला निघते. या भागात अशा माणसांना 'सूरजमुखी' म्हणतात. सूर्यफूल सूर्याकडे तोंड करते आणि हिला त्याच्याकडे पाठ करावी लागते, हे ज्याने नाव ठेवले त्याच्या ध्यानात आले नसावे.

असो. आम्ही बाजारास निघालो. सरोजिनीनगर आम्हाला जवळ, म्हणून आरंभ तेथून केला. मग लाजपतनगर, करोलबाग आणि एका शनिवारी थेट सदर बाजार. भाचीला आम्ही मुद्दामच बरोबर घेतले नाही. बाजारात लोक तिच्याकडे वळून वळून पाहतात, ते आम्हाला सोसवत नाही. तिला सोसवते की नाही, हे आम्ही कधी विचारले नव्हते. सर्वांत फिकट छटा दाखवा, असे म्हणताच दुकानदार ज्या बाटल्या पुढे करीत, त्यांवर संगमरवर, हस्तिदंत, मोती अशी नावे असत. परंतु झाकण उघडून पाहावे तो आत गव्हाचे पीठ कालवलेले! आम्ही मोबाइलवरचे भाचीचे छायाचित्र दाखविले, तेव्हा करोलबागेतील एक वृद्ध दुकानदार प्रांजळपणे म्हणाला, "बाबूजी, यहाँ तो लोग गोरा होने के लिए आते हैं। जो पहले से इतना गोरा हो, उसके लिए कौन बनाएगा?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या देशातील प्रसाधनांचा इतिहास हा बव्हंशी गोरेपणाच्या हौसेचा इतिहास आहे. मुंबईत 1919 साली पाटणवालांनी 'अफगाण स्नो' काढला, त्याच्या नावातच बर्फ होते. 1952 साली टाटांच्या तेल गिरण्यांच्या व्यवसायातून 'लॅक्मे' निघाली. तिचे नाव 1883 मधील एका फ्रेंच संगीतिकेच्या नायिकेवरून घेतलेले, आणि ते नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. 1975 साली 'फेअर अँड लव्हली' आली व घरोघर गेली. त्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' येण्यास 2020 साल उजाडावे लागले. इकडे अमेरिकेत 2017 साली रिहाना या गायिकेने एकदम चाळीस छटांचे फाउंडेशन बाजारात आणले, तेव्हा अतिकृष्ण वर्णाच्या स्त्रियांप्रमाणेच वर्णहीन मुलींनाही आपल्या रंगाची बाटली प्रथमच मिळाल्याचा आनंद झाला. परंतु त्या बाटलीची किंमत आमच्या अंदाजपत्रकाच्या कितीतरी पलीकडची. वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द लिहिणारा आपला समाज गोरेपणालाही एक कमाल मर्यादा घालून ठेवतो; तिच्या अलीकडे कौतुक, पलीकडे कीव.

तीन शनिवार हिंडून आम्ही अखेर सरकारी रीतीने निर्णय घेतला. तीन दुकानांची दरपत्रके मनात मांडली व सर्वांत कमी दराची बाटली उचलली. दोनशे चाळीस रुपये. छटा गव्हाळ होती. खरे सांगायचे तर ती आम्ही केवळ स्वस्त म्हणून घेतली नव्हती. फिकट छटा मिळत नाही तर नाही, एक दिवस तरी पोरगी चारचौघींसारखी दिसेल, छायाचित्रात कोणी तिच्यावर बोट ठेवणार नाही, असा एक विचार आमच्या मनात दडलेला होता. त्या विचाराला आम्ही माया समजत होतो.

घरी येताच भाचीने बाटली उघडली. मोठे दिसणाऱ्या आरशाला अगदी नाक लावून तिने लेप चढविला. मग ती वळली. चेहरा गव्हाळ, मान पांढरी, कान गुलाबी, त्यावर पांढऱ्या भिवया. सौ.ने पदर तोंडाला लावला. भाची हसली नाही. आरशाकडे पुन्हा वळून ती हळूच म्हणाली, "मामा, हे कुणाचं तोंड आणलंस?"

आम्ही काहीतरी पुटपुटलो. समारंभात सगळ्यांबरोबर शोभून दिसावे, इत्यादी.

"मला लपायचं नाहीये रे," ती म्हणाली. "सहलीच्या दिवशी नाकावर ऊन लागलंय, त्याचा लाल चट्टा आहे, आणि हनुवटीवर चार पुटकुळ्या आहेत. तेवढं झाकायचंय. सगळ्या मुली तेवढंच तर करतात."

आम्ही निरुत्तर झालो. कचेरीत अर्जदाराचा अर्ज न वाचता त्यावर शेरा मारणाऱ्या बाबूंना आम्ही नेहमी नावे ठेवतो. भाचीचा अर्ज पुरता दोन ओळींचा होता, आणि आम्ही तो न वाचताच तीन आठवडे त्याच्यावर हिंडत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन आमच्या वसाहतीजवळ राहणाऱ्या एका वृद्ध मराठी गृहस्थांकडे गेलो. ते आमच्यासारखेच कारकून होते व निवृत्त झाले. परंतु तीस वर्षे दिल्लीच्या गणेशोत्सवांतील मराठी नाटकांची रंगभूषा त्यांच्याच हातची. काकांनी दिवा मालविला, तिला खिडकीपाशी बसविले व दिवसाच्या उजेडात तिच्या जबड्याची कड न्याहाळली. रंग मनगटावर कधी पाहू नये, ते म्हणाले. चेहरा व मान जेथे मिळतात तेथे लावावा, दहा मिनिटे थांबावे, आणि सुकल्यावर दिसेनासा झाला तर तो आपला.

"ही पांढरी आहे असं कोण म्हणतं?" त्यांनी आम्हालाच विचारले. "नीट बघा. गुलाबी आहे. खाली रक्ताचा रंग दिसतोय. तुमच्या बाजारातल्या फिकट छटासुद्धा पिवळसर असतात, कारण त्या पिवळसर कातडीसाठीच बनविलेल्या. त्यात नुसता पांढरा घातलात तर पोरगी खडूसारखी दिसेल."

मग त्यांनी आम्हाला रंगाचा हिशेब समजावून दिला. या साऱ्या बाटल्यांत मुख्यतः चारच रंग : टिटॅनियमची पांढरी पूड, आणि लोहाच्या गंजाचे तीन प्रकार, पिवळा, तांबडा व काळा. छटा म्हणजे या चारांचे प्रमाण. "तिला हवा पांढरा आणि चिमूटभर तांबडा. तो औषधाच्या दुकानात तयार मिळतो. कॅलॅमाइन!"

घामोळ्यांवर लावायचे ते गुलाबी औषध आमच्या लहानपणापासून घरात आहे. ते म्हणजे जस्ताची पांढरी पूड व तिला गुलाबी करणारा थोडासा लोहाचा गंज, हे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. बाटली शंभराच्या आसपास पडली. बाजारातील सर्वांत फिकट छटेची एक लहान नळी दोनशे साठ रुपयांस घेतली. या वेळी भाचीला बरोबर नेऊन. दुकानातील लोकांनी पाहिले. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिला इतक्या दुरून ते नीट दिसतही नव्हते, असे तिने मागाहून हसत सांगितले.

काकांच्या सूचना आम्ही टिपणवहीत उतरवून घेतल्या. फाउंडेशन पाण्यातले असावे. तेलातले किंवा सिलिकोनचे असले तर कॅलॅमाइनशी फाटते, म्हणून आधी थेंबभर हाताच्या पाठीवर मिसळून पाहावे. कॅलॅमाइन त्वचा कोरडी करते, यास्तव खाली साधे क्रीम हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे, उन्हापासून रक्षण करणारे मलम वेगळे व आधी लावावे. फाउंडेशनच्या बाटलीवर संरक्षणाचा आकडा छापलेला असतो. परंतु तो आकडा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम लेप धरून काढलेला असतो, आणि एवढा जाड थर चेहऱ्यावर कोणी देत नाही. शिवाय त्यात दुसरे काही मिसळले की आकड्याचा भरवसा उरत नाही. इतर मुलींच्या बाबतीत ही चूक चेहरा काळवंडण्यावर भागते. भाचीसारख्यांना मात्र ऊन हा कातडीच्या कर्करोगाचा धोका आहे, आणि तो धोका निरोपसमारंभाच्या दिवशीही रजेवर जात नाही.

तीन भाग फाउंडेशनला दोन भाग कॅलॅमाइन, असे प्रमाण भाचीने दोन दिवस प्रयोग करून आपणच ठरविले. समारंभाच्या सकाळी तिने आधी मलम लावले, पंधरा मिनिटे थांबली, मग बशीत लेप कालवून नाकावर व हनुवटीवर बोटाने टेकविला. चट्टा गेला. तिच्या चेहऱ्यात दुसरा काहीच फरक आम्हाला दिसला नाही, आणि हवे होते ते एवढेच. सौ.ची निळी साडी, डोळ्यांवर गडद चष्मा, पांढऱ्या पापण्या पांढऱ्याच. "काजळ लावू का?" असे सौ.ने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "नको मामी. मग मला मीच ओळखू येणार नाही."

बाहेर धुके होते. फाटकापाशी तिच्या दोन मैत्रिणी रिक्षा थांबवून वाट पाहत होत्या. "जल्दी कर, देर हो रही है!" असे ओरडून त्यांनी तिला आत ओढले. तिच्या नाकाकडे कोणी पाहिलेही नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 पासून 13 जून हा दिवस अशा वर्णहीन माणसांविषयीच्या जागृतीसाठी राखून ठेवला आहे. आमची जागृती पौषातच झाली, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

आता हिशेब. फिकट नळी रुपये दोनशे साठ, कॅलॅमाइन रुपये एकशे दहा, एकूण तीनशे सत्तर. मंजूर रकमेच्या आत. दोनशे चाळीसांची गव्हाळ बाटली आमच्या अज्ञानाच्या खाती टाकावयाची होती. परंतु मध्यंतरी सौ.ने ती सहज जबड्याच्या कडेला लावून पाहिली, दहा मिनिटे थांबली, आणि रंग दिसेनासा झाला. लग्नाला नऊ वर्षे झाली. इतका अचूक तिच्या रंगाचा जिन्नस आम्ही तिच्यासाठी आजवर कधी आणला नव्हता.