मूक अक्षरांचे दप्तर

बिबवेवाडी, पुणे

चि. ताईस,

तुझे पत्र पावले. इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे पाठ करताना चिरंजीव रडकुंडीस येतो, ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘नो’ शब्दात आरंभी ‘के’ कशासाठी लिहायचा असे विचारतो आणि तुला उत्तर सुचत नाही, हा मजकूर वाचून मी मनोमन त्या मुलाचीच बाजू घेतली. कारण जे उच्चारायचे नाही ते लिहावे का, ही तक्रार न्याय्य असून, ‘इंग्रजी भाषाच तशी’ एवढ्यावर तिची बोळवण करणे म्हणजे जिज्ञासेचा अंकुर उगवताच खुडणे होय.

त्याला सांग की हा ‘के’ एके काळी स्पष्ट उच्चारला जाई. १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला, तेव्हापासून शब्दांची लेखी रूपे हळूहळू ठरत गेली आणि १७५५ सालच्या डॉ. जॉन्सनच्या कोशाने त्यांवर जवळजवळ शिक्कामोर्तब केले. परंतु बोलणाऱ्यांच्या जिभेला कोणाचाच हुकूम लागू नसल्याने उच्चार मधल्या काळात पुढे निघून गेला आणि अक्षर मागे राहिले. मागे राहिले म्हणूनच ते आज साक्ष देते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या एका मूळ उगमाचा जो विचार मांडला, त्याच वाटेने पुढील पंडित गेले आणि इंग्रजी ‘नो’मधील मुका ‘के’, ग्रीक ‘ग्नोसिस’मधील ‘ग’ व आपल्या ‘ज्ञा’ धातूमधील ‘ज’ ही एकाच घराण्याची संतती असल्याचे सिद्ध झाले. शिवाय आपण ‘ज्ञ’ लिहितो तो ज आणि ञ यांचा संयोग. मराठी माणूस त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदी भाषक ‘ग्य’, गुजराती ‘ग्न’. म्हणजे चिरंजीवाची तक्रार दाखल करायचीच, तर ती ज्ञानेश्वरांच्या नावावरही दाखल करावी लागेल.

आमच्या पिढीने ज्या शिरोबिंदूंचा मार खाल्ला, तेही असेच मूक साक्षीदार होते. ‘ग्राम’चे गांव व ‘नाम’चे नांव झाले तेव्हा ‘म’ची आठवण त्या अनुस्वारात राहिली, ‘दन्त’चा ‘न’ दांतावर आणि ‘पञ्च’चा ‘ञ’ पांचावर बिंदुरूपाने बसला. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, त्यांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली आणि कोट्यवधी मुलांचा भार हलका झाला. तो निर्णय मला योग्यच वाटतो, तथापि त्या बिंदूंबरोबर एक दप्तर बंद झाले याचे दुःखही वाटते. नवल असे की इंग्रजांच्या पूर्वजांनी हाच अनुनासिक फार पूर्वीच गमावला होता. जर्मन भाषेत पाचाला ‘फ्युन्फ’ म्हणतात, त्यातला ‘न’ इंग्रजी ‘फाइव्ह’मध्ये नाही, ‘टूथ’मध्येही तो उरला नाही, पण लॅटिनमधून मागाहून आलेल्या ‘डेंटल’मध्ये मात्र शाबूत आहे. दात आणि टूथ, पाच आणि फाइव्ह, ही आप्तमंडळी हजारो कोसांवर राहून एकाच जागी झिजली आहेत!

असे पुरावे शोधायला ग्रंथालयच गाठावे लागते असे नाही. आमच्या बिबवेवाडीत ‘अप्पर’ आणि ‘सुपर’ इंदिरानगर या नावांवाचून कोणाचे पान हलत नाही. इंग्रज ‘अप्पर’मध्ये एकच ‘प’ उच्चारतो, लेखनातला दुसरा केवळ आधीचा स्वर ऱ्हस्व असल्याची खूण. आपण मात्र अक्षरांस प्रमाण मानून दोन्ही ‘प’ ठणठणीत उच्चारतो. आणि लॅटिनमधून आलेला ‘सुपर’, इंग्रजी ‘ओव्हर’, संस्कृत ‘उपरि’ व त्यापासून झालेले आपले ‘वर’ हे सारे मुळात एकच. बसमध्ये ‘सुपरला उतरायचे आहे’ म्हणणारी भाजीवाली परका शब्द बोलत नाही, दुरावलेला आप्त घरी आणते.

मात्र प्रत्येक मूक अक्षर विश्वासास पात्र नसते, हेही त्याला आताच सांग. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ लॅटिन ‘डेबिटुम’कडे पाहून पंडितांनी मागाहून बसवला, निदान तिथे नाते तरी खरे आहे. ‘आयलंड’मधला ‘एस’ ही तर सरळ खोटी नोंद: तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्याचा लॅटिन ‘इन्सुला’शी काडीचाही संबंध नसता ‘आइल’ या दुसऱ्या शब्दाच्या सादृश्याने ते अक्षर त्यात घुसले आणि आजतागायत ठाण मांडून बसले आहे.

तेव्हा पाठांतर आठवडाभर बंद ठेव. एका वहीत ‘साइन’ आणि ‘सिग्नेचर’ यांसारख्या जोड्या त्याला लिहू दे. एका शब्दात मुका असलेला ‘जी’ दुसऱ्यात कसा बोलतो हे त्याचे त्यालाच दिसू दे. पाच-सहा जोड्या सापडल्या की वही माझ्याकडे पाठव.

तुझा,
काका