म्हादईचा तोल

म्हादई आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावते. तिचेच नाव ल्यालेल्या, गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, याचे आम्हां बेळगाव-निपाणीकरांस समुद्र दूर असूनही अप्रूप वाटते. अशा नौकेच्या मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा म्हणजे बूम. तो किती लांब असावा? तंबाखूची बैलगाडी मागे जड झाली की उलार होते, हे आम्ही जाणतो. बूम फार लांब, तर वाऱ्याचा जोर मागे सरकून नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळू पाहते आणि सुकाणू अखंड ताणून धरावे लागते. फार आखूड, तर शीड अपुरे. एकट्या नाविकाने मग झोपावे केव्हा? वारा चढताच शीड आटोपून लहान करतात, ते नौका फार कलू नये म्हणून जितके, तितकेच सुकाणू हलके राहावे म्हणून.