भाता

पाऊस लागला की आमच्या गॅरेजात आवाजाच्या तक्रारी वाढतात. गेल्या जुलैत दिंडोरीकडचे एक बागायतदार काका त्यांची लोगन घेऊन आले. "वळवताना खालून कुरकुर येते," म्हणाले. गाडी 2008 ची. पंधरा वर्षं भरली तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत त्यांनी तिची नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवून घेतली. विकायचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मलाही ही गाडी जवळची. 2007 साली महिंद्रा आणि रेनोनं मिळून लोगन आणली, ती बनायची इथेच, आमच्या नाशिकच्या कारखान्यात. 2010 ला रेनो त्यातून बाहेर पडली, पुढच्या वर्षी तीच गाडी व्हेरिटो झाली. माझ्याबरोबर सातपूरच्या आयटीआयत शिकलेले दोघे त्या लाइनवर होते. त्यामुळे लोगनखाली शिरलो की आपल्याच माणसांनी आवळलेले नट आपण सोडतोय असं वाटतं, आणि हात जरा जपून चालतो.

मागच्या चाकांना उटी लावली, पुढची बाजू उचलून घोड्यांवर ठेवली आणि पोराला स्टिअरिंग एका अंगाला पूर्ण फिरवायला सांगितलं. रॅकचं बूट असंच बघायचं असतं. चाकं सरळ असली की घड्या मिटलेल्या राहतात आणि चीर घडीच्या तळाशी दडून बसते. ताण आला की ती तोंड उघडते. डाव्या बुटाला बोटभर चीर होती. तिच्यातून तांबूस चिखल ओघळून खाली सुकला होता.

बूट हा गॅरेजचा शब्द. खरं तर तो भाता आहे. सिन्नरकडच्या आमच्या गावात लोहाराच्या भात्याची साखळी ओढायला आम्हा पोरांची भांडणं व्हायची. कातडी घड्या फुगायच्या, बसायच्या, आणि निखारे लाल व्हायचे. गाडीतही तसंच आहे. स्टिअरिंग फिरवलं की पिनिअनचे दाते रॅकच्या दांडीला डावी-उजवीकडे सरकवतात, दोन्हीकडे साधारण अडीच-तीन इंच. दांडीच्या टोकाशी गोळीचा सांधा, त्याला आम्ही रॅक एंड म्हणतो. तिथून टाय रॉड चाकाकडे जातो. दांडी सरकली की एका अंगाचा भाता मिटतो, दुसरा उघडतो. मिटणाऱ्यातली हवा रॅकच्या आतून, किंवा काही गाड्यांत बाहेरच्या बारीक नळीतून, उघडणाऱ्यात जाते. दिंडोरी ते नाशिक एवढ्या रस्त्यावर हे किती वेळा होत असेल ते मोजून बघावं कुणी.

रबर उन्हानं कडक होतं, वरून इंजिनचं ऑइल ठिबकलं तर फुगून मऊ पडतं, पावसात आसऱ्याला शिरलेला उंदीरही ते कुरतडतो. आणि एकदा चीर पडली की भाता आपलं कामच करत राहतो, पण गाडीच्या मुळावर येतो. दर वळणाला उघडताना बाहेरचं पाणी आणि बारीक कच आत ओढून घेतो.

हे मला वस्तादांनी सांगितलं होतं. कळलं मात्र माझ्या चुकीनं. स्वतःचं गॅरेज टाकून वर्ष झालं होतं. एक मारुती 800 आली, बूट फाटलेलं. गिऱ्हाइकाला घाई होती आणि मला गिऱ्हाइकाची गरज होती. जुनं बूट काढलं, दांडीवर फडकं फिरवल्यासारखं केलं, नवीन चढवून क्लिपा मारल्या. बाहेरून काम एकदम देखणं. आठ महिन्यांनी तीच गाडी जड स्टिअरिंगची तक्रार घेऊन आली. बूट जसंच्या तसं, काळंभोर. ते मागे सारलं तर आत तपकिरी लगदा आणि दांडीवर गंजाचे खड्डे. फाटलेल्या बुटातून चिखल दिसत तरी होता. मी तो आत कोंडून वर नवं रबर चढवलं होतं, आणि नवं रबर दिसल्यावर तिथे पुन्हा कोण कशाला बघणार? रॅक मी माझ्या खर्चानं बसवून दिली. पण मधल्या काळात तो माणूस बायको-मुलांना घेऊन कसारा घाट चार वेळा उतरला होता. त्यानं ते सहज सांगितलं. मला आजही ते सहज आठवता येत नाही.

म्हणून उभी चीर असलेलं, टाय रॉड न सोडता भोवती गुंडाळून चिकटवायचं बूट मी बसवत नाही. ते बसवताना आत बघायला मिळतच नाही.

लोगनचं चाक काढलं. आधी टाय रॉडचा लॉक नट पाव फेरा ढिला केला, रंगाची खूण केली, मग एंडचा नट सोडून आर्मच्या डोळ्यावर शेजारून हातोडीचे दोन ठोके. आट्यांवर कधी मारायचं नाही. टेपर सुटला की ठोक्याचा आवाज बदलतो. पुढचं पोराकडे दिलं: एंड फिरवून काढ आणि फेरे मोठ्यानं मोज. मध्येच त्याचा फोन वाजला. पुन्हा हात लावताना म्हणाला, "बारा का तेरा?" मी त्याला एंड खुणेपर्यंत परत आत फिरवायला लावला आणि एकपासून सुरू केलं. एका फेऱ्यानं चाकाचं तोंड फिरतं आणि टायर एका कडेनं खाल्ला जातो. साडेसोळा निघाले. ते खडूनं फरशीवर लिहिलं.

बूट उतरवल्यावर खरं काम. रॅक एंड हातानं हलवून पाहिला, ढिला नव्हता. दांडी फडक्यानं, ब्रशनं, पुन्हा कोऱ्या फडक्यानं पुसली. पाण्याचा फवारा इथे मारायचा नाही, तो कच आणखी आत नेतो. मग दांडीवरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं असतं तर काकांना रॅकच सांगावी लागली असती, कारण पॉवर स्टिअरिंगमध्ये असा खड्डा सीलखालून जाता-येता ते कापत राहतो. नख सरळ गेलं. नुसता वरचा गंज होता.

काका दोनदा डोकावून गेले. "रबरच बदलायचं ना? एवढा वेळ?" मी त्यांना खाली वाकवलं आणि फडकं दाखवलं. त्यांनी त्यावरचा चिखल दोन बोटांत चोळला. "हा तर आमच्या बागेच्या वाटेचा मुरूम," म्हणाले, आणि स्टूल ओढून तिथेच बसले.

नवं बूट आधी मुठीत दाबून पाहतो. कडक लागलं, उग्र वास आला, तर कितीही स्वस्त असो, परत. दांडीला पातळ हात ग्रीसचा. जास्त थापलं तर हवेची वाट बुजते. बुटाची मोठी कड रॅकच्या घरावर, लहान कड टाय रॉडच्या खाचेत. क्लिप आवळण्याआधी घड्यांवर बोट फिरवायचं, पीळ राहिला नाही ना म्हणून. पिळलेलं बूट पहिल्या उन्हाळ्यात फाटतं. लॉक नट, मग एंड, साडेसोळा फेरे. इतकं मोजूनही गाडी अलाइनमेंटला पाठवतोच, आणि त्याचे पैसे वेगळे लागतील हे आधी सांगतो.

पाठवण्यापूर्वी पोराला स्टिअरिंगवर बसवलं आणि टॉर्च घेऊन मी खाली झोपलो. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. एक भाता मिटला, दुसरा उघडला, घड्या एकसारख्या बसल्या, कुठे फुगवटा नाही, कुठे आवाज नाही.

"झालं का?" काकांनी वरून विचारलं.

"अजून एकदा फिरव," मी पोराला म्हटलं.