तिसरा महिना लागेपर्यंत

कोल्हापुरात अजूनही घरोघरी ऐकू येतं, ‘तिसरा लागल्याशिवाय कुणाला सांगू नकोस.’ दृष्ट लागेल ही भीती आणि पोट टिकलं नाही तर चर्चा नको, ही काळजी. पण डाग दिसण्याची शक्यता याच महिन्यांत जास्त, आणि तेव्हाच बाई एकटी पडते.

•

पहिल्या तीन महिन्यांत चौघींपैकी साधारण एकीला थोडंफार रक्त दिसतं. गर्भ रुजताना, पाळीच्या तारखेच्या आसपास हलका डाग लागू शकतो. गर्भाशयाच्या तोंडाशी रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे संबंधानंतरही दिसतो. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले, तर बहुतेकींचे दिवस पुढे नीट जातात. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ठोके नाही दिसले, तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघतात. ते दिवस फार जड जातात.

•

मग प्रश्न सुरू होतात. पपई खाल्लीस? कळशी उचललीस? गाडीवरून रंकाळ्याला कशाला गेलीस? सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात. त्याचा कळशीशी काही संबंध नाही. हे सासूबाईंना सुनेच्या देखत डॉक्टरांनी सांगावं.

•

नुसतं पडून राहिल्यानं गर्भ टिकतो, याला पुरावा नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचंही तसंच. ब्रिटनमध्ये 4,153 बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. सरसकट फायदा दिसला नाही. आधी गर्भपात झालेल्यांना मात्र काहीसा झाला. म्हणून जावेच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

•

थांबायचं नाही अशी लक्षणं: पॅड भिजवणारा रक्तस्राव, पोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर. गर्भ नळीत असू शकतो आणि नळी फुटली तर जीव धोक्यात येतो. गगनबावड्याहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय पन्नासेक किलोमीटर. तिथल्या बाईनं दर महिन्याच्या 9 तारखेच्या गरोदर-तपासणी शिबिराची वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही लगेच सांगावं, अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं.

•

सोनोग्राफीआधी ‘फॉर्म एफ’ भरून घेतात. हा गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याचा भाग. आपल्यावर संशय घेताहेत असं वाटून कुणी तपासणी टाळू नये.

•

शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकरांना वैद्यकी शिकायला परदेशी धाडलं. परत येऊन त्यांनी अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, बायकांवर उपचार केले. आपलं दुखणं मोकळेपणानं सांगता येईल अशी बाई कोल्हापूरला तेव्हाच मिळाली होती.

•

गर्भपात झाला, तर कायद्यानं नोकरदार बाईला सहा आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. पण ती मागायची तर सांगावं लागतं. गावाला सांगू नका. नवरा, आई, आशाताई, यांतल्या एकाला मात्र पाळी चुकल्यापासून ठाऊक असू द्या. डाग दिसला की दवाखान्यात सोबत कोण येणार, हे आधीच ठरलेलं बरं.