चार रस्त्यांवरचे बिऱ्हाड

मराठीत ‘भाडेकरू’ आणि ‘बिऱ्हाडकरू’ असे दोन शब्द आहेत. ते एकाच माणसाला लावले जात असले तरी त्यांचा अर्थ एक नव्हे. भाडेकरू म्हटले की पावती, पहिली तारीख आणि घरमालकाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. बिऱ्हाडकरू म्हटले की चूल, दोरीवर वाळणारे कपडे आणि अंगणात खेळणारी पोरे. एक शब्द व्यवहाराचा, दुसरा संसाराचा. आमच्या आळीत राहणारे बिहारी तरुण आपल्या खोलीला ‘डेरा’ म्हणतात. ‘घर’ हा शब्द ते गावाकडच्या घरासाठी राखून ठेवतात. पलसाण्यासारख्या ठिकाणी आयुष्य काढल्यावर या शब्दांचा विचार केल्यावाचून राहवत नाही, कारण येथे जिकडे पाहावे तिकडे कुणाचे ना कुणाचे बिऱ्हाड आहे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पलसाणा पाहिले असेल ते गाडीच्या खिडकीतून. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि हजिऱ्याहून बारडोली, व्यारा, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. पूर्वी त्यांचे क्रमांक आठ आणि सहा होते; आता अठ्ठेचाळीस आणि त्रेपन्न झाले. उत्तरेला चलथाणवरून ताप्ती व्हॅलीची रेल्वे भुसावळकडे जाते. रस्त्यांच्या दोन्ही अंगांना पूर्वी ऊस आणि भात होता; तो अजूनही आहे, पण त्याच्या मधूनमधून कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली आहेत. कडोदरा, वरेली, जोळवा, तांतीथैया ही आमच्या लहानपणीची शेताडीची गावे. आता तेथे शेताच्या बांधाला लागून खोल्यांच्या लांबच लांब ओळी आहेत. एका ओळीत गंजामचा उडिया, गोरखपूरकडचा भय्या, पालीचा मारवाडी आणि नंदुरबारचा खानदेशी अशी चार राज्ये एका नळावर पाणी भरतात.

आमचे घराणे येथे कसे आले, हे सांगताना घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजात नेहमी एक ताठा येत असे. पलसाणा हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील नवसारी प्रांताचा भाग. तालुक्याला वहिवाटदार, प्रांताला सुभा आणि त्यांच्या हाताखाली कारकून, शिरस्तेदार, मास्तर अशी उतरंड होती. आमचे पणजोबा वहिवाटदार कचेरीत कारकून म्हणून रत्नागिरीकडून आले आणि एका अनाविल गृहस्थांच्या घरी दोन खोल्या व ओटा एवढी जागा भाड्याने घेऊन राहिले. घरधण्याच्या अटी तीनच होत्या: पोटभाडेकरू ठेवू नये, मागल्या दारी जनावर बांधू नये, आणि बदली झाल्यास महिनाभर आधी सांगावे. बदली झाली नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले, आणि आम्ही एकाच ओट्यावर बसून तीन राज्यांचे रहिवासी झालो. स्वतःचे घर बांधले ते वडिलांनी, निवृत्तीनंतर, भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून. तोपर्यंत दोन पिढ्या आम्ही बिऱ्हाडकरूच होतो.

हे आठवण्याचे कारण असे, की आज आपल्यातील जुनी कुटुंबे ‘आम्ही येथलेच’ असे सहज म्हणतात, आणि ते खोटेही नाही. परंतु पणजोबांना जागा मिळाली ती कशामुळे, याचा विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. घरधण्याने त्यांना ‘तुम्ही कोण, काय खाता, कुठले’ असे विचारल्याची कथा घरात नाही. विचारण्याची गरजच नव्हती. कारकुनाच्या पगडीमागे सरकारचे वजन होते. धुळ्याच्या गाडीतून आज एक पिशवी घेऊन उतरणाऱ्या माणसामागे असे कोणतेही वजन नसते. त्याच्यामागे असतो तो आधी आलेला त्याच्या गावचा एखादा मनुष्य.

वडिलांनी घर बांधले तेव्हा वर दोन खोल्या काढल्या आणि त्या भाड्याने दिल्या. गेल्या चाळीसेक वर्षांत त्या खोल्यांतून निम्मा हिंदुस्थान राहून गेला असे आम्ही थट्टेने म्हणतो. पहिला आला तो पालीचा रंगमास्तर. कापडाचा नुसता कोपरा उन्हात धरून कोणता रंग किती कमी पडला ते सांगणारा हा मनुष्य आमच्या दाराला लावलेल्या हिरव्या रंगावर मात्र शेवटपर्यंत नाखूश होता. त्यानंतर गंजामचे दोघे भाऊ आले. एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला. बारा तासांच्या पाळ्यांमुळे एकाच गादीवर दोघे निजत आणि जागेपणी एकमेकांना भेटत ते फक्त सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी मोहरी वाटून केलेल्या माशांच्या कालवणाचा वास जिन्यावरून खाली येई. आईने पहिल्या वेळी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या वेळी तिने मोहरी कशी वाटतात ते विचारून घेतले, आणि तिसऱ्या वेळी वर एक वाटी लोणचे पाठवले. कालवण तिने कधी चाखले नाही; पण खिडकीही पुन्हा लावली नाही.

अशा गोष्टींतूनच शेजार तयार होतो. छठीला वरून ठेकुआ येतो, दिवाळीला खालून चकल्या जातात, श्रावणात खानदेशी कुटुंबांची कानबाई बसते आणि रोटाचा प्रसाद साऱ्या आळीत फिरतो. कुणाच्या घरी मूल आजारी पडले तर रात्री दोन वाजता रिक्षा आणायला धावणारा मनुष्य कोणत्या जिल्ह्याचा, हे दुसऱ्या दिवशी कळते. आम्ही हे गोडवे म्हणून सांगत नाही. याच आळीत नळावरून डोकी फुटलेली आम्ही पाहिली आहेत. लगतच्या गावांत काही खोलीमालक भाडेकरूला आपल्याच दुकानातून किराणा घ्यायला लावतात, आणि तो उधारीत बुडाला की खोली सोडायचीही त्याला सोय उरत नाही. संमिश्र वस्ती म्हणजे सद्‌भावनेची शाळा नव्हे. तिथे माणसे नाइलाजाने जवळ येतात, आणि त्या नाइलाजातून काहींची ओळख होते, एवढेच.

ही ओळख किती खोल आहे याची परीक्षा २०२० साली झाली. टाळेबंदीत गिरण्या बंद पडल्या, पगार थांबले. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला, की भाड्याने राहणाऱ्या मजुरांकडून घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये. महिना सरला, गिरण्या बंदच राहिल्या. गावी जाऊ द्या म्हणत मजूर रस्त्यावर आले. ४ मे रोजी आमच्या शेजारच्या वरेलीत पोलिसांशी त्यांची चकमक झाली, दगड आणि अश्रुधूर दोन्ही चालले. त्या महिन्यात वरच्या खोल्यांत राहणारे बलियाचे जोडपे श्रमिक गाडीने निघाले. जाताना तो मनुष्य थकलेल्या भाड्याचे काहीच बोलला नाही. चावी आमच्या हातात देऊन म्हणाला, “काका, तुळशीला पाणी घालाल ना?” त्या वाक्यात बिऱ्हाडकरू हा शब्द आम्हांला पुरता उमगला. भाडेकरू चावी परत करतो. बिऱ्हाडकरू ती विश्वासाने ठेवायला देतो. दिवाळीनंतर ते परत आले. तुळस राहिली होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो आपणा सर्वांना थोडा टोचेल. आमच्या समोरच्या घराचे मालक वर्षानुवर्षे परदेशी राहतात; घराच्या चाव्या आमच्याकडे असतात. काही काळापूर्वी त्यांनी, एखादे चांगले बिऱ्हाड मिळाल्यास द्यावे, असे कळवले. नंदुरबारकडचे एक कुटुंब आले. नवरा रंगाईच्या गिरणीत, बायको घरी बसून साड्यांना खडे लावण्याचे काम करणारी, दोन मुली. आम्ही होकार कळवण्याआधीच आमच्या सोसायटीत कुजबुज सुरू झाली आणि सभा बोलावण्यात आली. पुढे ठेवलेल्या मसुद्यात एकट्या पुरुषांना, मांसाहार करणाऱ्यांना आणि ‘बाहेरच्या’ लोकांना घरे देऊ नयेत, असा ठराव होता. एका सभासदाने २००५ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला. अहमदाबादेतील पारशी गृहनिर्माण संस्थेला आपले सभासदत्व पारशांपुरते राखता येईल, असा तो निकाल. तो सभासदत्वाविषयी होता, भाडेकरूविषयी नव्हे, आणि त्या संस्थेच्या नियमावलीत तसे कलम मुळातच होते; आमच्या नियमावलीत असे कलम कधीच नव्हते. पण सभेत असा दाखला फेकला गेला की वजन पडतेच.

आम्ही विचारले, “हे कुटुंब बाहेरचे कसे? ते तर मराठी आहेत, आमच्यासारखे.” त्यावर अध्यक्ष मनापासून, जराही कुत्सितपणा न आणता म्हणाले, “ए लोको जुदा. तमे तो आपणा कहेवाओ.” ते लोक वेगळे, तुम्ही तर आपलेच. सभेत माना डोलल्या. खरे सांगायचे तर हे वाक्य कानाला गोड लागते. आपल्यापैकी किती घरांत हेच वाक्य मराठीतून बोलले जाते! ‘आम्ही बडोद्याकडचे, ते खानदेशी.’ ‘आमचे मराठी वेगळे, त्यांची ती अहिराणी.’ सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा ज्यांच्या मुलांनी भरतात, उधना-लिंबायतच्या वस्त्यांतून ज्यांच्यामुळे मराठी रस्त्यावर ऐकू येते, ती माणसे ताप्तीच्या रेल्वेने आलेली. आपल्या मंडळांच्या कोजागिरीला मात्र त्यांतले फारसे कुणी दिसत नाही. ‘माले-तुले’, ‘आठे-तठे’ ऐकून आपण हसतो; आणि घरी ‘ओटलो’, ‘हिंचको’ आपल्या मुलांच्या तोंडी अगदी नकळत आलेले असतात. अहिराणीत गुजराती मिसळली म्हणून ती अशुद्ध, आणि आपल्या मराठीत मिसळली म्हणून ती बडोद्याची, हा न्याय कुठला?

सभेत आम्ही एवढेच म्हणालो, की आमचे पणजोबाही एक ट्रंक घेऊन बाहेरूनच आले होते. ज्यांनी त्यांना जागा दिली त्यांनी असा ठराव केला असता, तर आज ‘आपणा’ म्हणवून घ्यायला आम्ही येथे नसतो. त्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाजूला उभा असलेला, सोसायटीची झाडलोट करणारा हळपती कामगार चहा देता देता सहज म्हणाला, की बाहेरचे तर सगळेच. लोक हसले, आम्हांला हसू आले नाही. दक्षिण गुजरातेत हळपती पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची शेते नांगरत आले. गांधीयुगात त्यांना ‘दुबळा’ऐवजी ‘हळपती’ असे मानाचे नाव मिळाले, पण ज्या जमिनीवर त्यांची झोपडी उभी होती ती बहुधा जमीनदाराचीच राहिली. या भूमीत सर्वांत जुने असलेले लोक कधी मालक नव्हते, आणि जे मालक आहेत त्यांतले पुष्कळ मागाहून आलेले. जुनेपणाने हक्क मिळत असता, तर आम्हां सर्वांना त्या माणसाकडे भाडे भरावे लागले असते.

ठराव त्या दिवशी मंजूर झाला नाही. नामंजूरही झाला नाही. ‘पुढील सभेत विचार करावा’ असा शेरा पडला, आणि अशा शेऱ्यांचे आयुष्य किती असते हे संस्था चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. दरम्यान ते कुटुंब राहायला आले. अकरा महिन्यांचा करार झाला. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, म्हणून साऱ्या देशात बिऱ्हाडाचे वर्ष अकरा महिन्यांचे झाले आहे. पोलीस चौकीत भाडेकरूची नोंदही रीतसर झाली. गृहिणीने पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर रांगोळी काढली. मुली शाळेत जाऊ लागल्या. पतीची रातपाळी असली की दुपारी आळीतल्या पोरांना हळू खेळा म्हणून सांगणारे सर्वांत कडक काका आता अध्यक्षच आहेत. त्यांचे मत बदलले असे आम्ही म्हणणार नाही. त्या कुटुंबाला ते अजूनही ‘ए लोको’च म्हणतात, फक्त आता त्यापुढे ‘सारा छे’, म्हणजे चांगले आहेत, असे जोडतात.

एवढ्याने प्रश्न सुटला असे नाही. एक कुटुंब चांगले निघाले म्हणून त्याच्यासारख्या इतरांना जागा मिळावी, हा विचारही तसा लंगडाच आहे. चांगुलपणाचे प्रमाणपत्र आमच्या पणजोबांकडून कुणी मागितले नव्हते. आपल्या मंडळांत, आपल्या घरांत वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली आहेत, आणि तिथे तीही कुणाच्या तरी दारात उभी राहून ‘कुठले, काय खाता’ या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. त्या दारामागचा मनुष्य कसा असावा असे आपणांस वाटते, तसे आपण आपल्या दारामागे असावे, इतकेच आमचे म्हणणे.

समोरच्या कराराची मुदत येत्या महिन्यात संपते. मालकांनी नवा करार करण्यास संमती कळवली आहे. साक्षीदार म्हणून एक सही आमची होईल. दुसरी अध्यक्षांनी करावी, अशी विनंती आम्ही त्यांना केली आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, परंतु मुद्रांकाचा कागद कुठे स्वस्तात टंकून मिळतो, ते मात्र आपणहून सांगितले आहे.