गादीखालचा पत्रा

‘ओल लागल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’ तंबू विकणाऱ्यांचं हे उत्तर मी अजून जपून ठेवलंय आणि अजूनही ते वाचलं की डोकं तापतं. ज्यांच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर भर पावसात उभ्या तंबूचं चित्र आहे, कापडावरून थेंब ओघळताना दाखवलेत, तेच लोक म्हणतात ओल लागायला नको होती. तंबूला पाणी लागणार नाही तर काय लागणार?

आमच्या गाडीच्या छपरावर कॅरिअर, त्यावर घडी घातलेला तंबू. मुक्कामाला उलगडायचा, शिडीने वर चढायचं, झोपायचं. ताम्हिणी, आंबोली, दिवेआगर आणि उन्हाळ्यात स्पिती, सगळीकडे तो बरोबर आला. असा तंबू घेताना बोलणं होतं ते कापडाचं. २८० जीएसएमचं रिपस्टॉप आहे का, शिवणींवर टेप आहे का, झिप कुठली. फ्लोअरसाठी कागदावर एकच शब्द होता: अ‍ॅल्युमिनियम.

लोसरला त्या शब्दाचा अर्थ कळला. ग्राम्फू ते बातल हा नदीतल्या गोट्यांचा रस्ता, मग साडेचार हजार मीटरवरचा कुंझुम, आणि उतरल्यावर हे गाव. दिवसभर गाडीच्या छपराने जे हादरे खाल्ले ते आम्ही आत बसून ऐकत होतो. संध्याकाळी तंबू उलगडला, मी आत गुडघे टेकून गादी सरळ करायला लागलो आणि उजवा गुडघा खाली गेला. पत्रा आधी दबला, मग टक्कन आवाज करून वर आला. बायकोला म्हटलं, तू मुलीला घेऊन गाडीकडच्या बाजूला झोप, बाहेरच्या बाजूला मी राहतो. रात्रभर कूस बदलायची भीती वाटत होती.

या तंबूंची रचना अशी असते की फ्लोअरचे दोन भाग मधल्या बिजागरीवर दुमडतात. एक भाग कॅरिअरला बोल्टने आवळलेला. दुसरा गाडीच्या बाहेर हवेत असतो आणि त्याचा भार एकीकडे शिडी, दुसरीकडे बिजागरी घेते. शिडीचे टप्पे ठरावीक अंतरावर, त्यामुळे जमीन उंचसखल असली की फ्लोअर बिजागरीपाशी वर तरी उचललं जातं किंवा खाली तरी लोंबतं. चढणाऱ्याचं सगळं वजन क्षणभर बाहेरच्या कडेवर येतं. हे रोज सोसणारा भाग म्हणजे फ्लोअर, आणि त्याविषयी कुणी ओळभरही लिहीत नाही.

पुण्याला परतल्यावर भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडे तंबू उतरवला. त्यांनी कडेची पट्टी रिव्हेट कापून काढली आणि म्हणाले, ‘साहेब, या इकडे, हे बघून घ्या.’ वर-खाली पातळ पत्रा आणि मध्ये थर्माकोल, बोटाने दाबला की मणी सुटे व्हावेत असा. कडेला सीलंटचा थेंब नाही. बिजागरीचे स्क्रू धरायला आत लाकडाची पट्टी घातली होती ती साध्या कमर्शिअल प्लायची, काळी पडून तिचे पापुद्रे सुटलेले. स्क्रू हाताने उपसून आले. स्टीलच्या स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड जमली होती, दिवेआगरच्या खाऱ्या हवेची देणगी. दोन वेगळे धातू आणि मध्ये मीठ-पाणी, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाणारच. मध्ये नायलॉनचं एक वॉशर घातलं असतं तरी ते बरंच थांबलं असतं.

त्यांनी मला समजावलं ते मी आता प्रत्येकाला सांगतो. अशा सँडविच पॅनलमध्ये ताकद पत्र्याची नसते, चिकटवलेल्या सांध्याची असते. वरचा पत्रा, मधला फोम आणि खालचा पत्रा एकमेकांना घट्ट धरून आहेत तोवर ते एका जाड फळीसारखं वागतं. चिकटा सुटला की दोन्ही पत्रे स्वतंत्रपणे वाकायला लागतात, आणि इतक्या पातळ पत्र्यावर माणूस झोपू शकत नाही.

चिकटा सोडवतं ते पाणी, आणि ते पावसाचंच असतं असं नाही. झोपलेल्या माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ गादीतून खाली झिरपते. फ्लोअरला खालून थंड वारा लागत असतो, त्यामुळे गादीखालचा पत्रा गार असतो. वाफ त्या पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं, आणि सीलंट नसलेल्या कडेतून ते आत उतरतं. म्हणून गादीखाली जाळीदार चटई टाकतात, हवा खेळती राहावी म्हणून. आम्हीही टाकली होती. तरी स्पितीत सकाळी पत्रा ओला असायचाच. ताम्हिणीत तर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तिथे जुलैत रुमाल वाळत नाही. तंबू ओलाच मिटावा लागतो आणि घरी येऊन गच्चीवर उघडावा लागतो. आम्ही तो दर वेळी उघडला, पंखा लावून वाळवला.

हे सगळं फोटोंसह मी कळवलं. आधी त्यांनी बिल मागितलं. दिलं. मग व्हिडिओ मागितला. दिला. मग शिडी कुठल्या कोनात लावली होती याचा फोटो मागितला. लोसरच्या संध्याकाळी शिडीचा फोटो कोण काढतं? तरी बायकोने मुलीचे काढलेले फोटो चाळले, एकात शिडी दिसत होती, तो पाठवला. त्यानंतर ते ओलीचं उत्तर आलं, खाली एक ओळ जोडून: ‘तंबू ओला असताना बंद केल्याचं दिसतं.’ मग मी कडेला सीलंट का नाही हे विचारलं. त्याला उत्तरच नाही. आतली प्लाय कुठल्या दर्जाची हे विचारलं. उत्तर नाही. काही दिवसांनी फोन आला, नव्या तंबूवर सवलत देतो म्हणाले. त्याच फ्लोअरचा नवा तंबू! मी फोन ठेवून दिला. मुद्दा पैशांपुरता नाही. माझी मुलगी जमिनीपासून सात फुटांवर झोपते, ती ज्या सांध्यावर झोपते तो निकामी आहे, आणि दोष आमच्या श्वासाचा असं मला सांगितलं जातं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. कापलेले तुकडे, ती काळी पट्टी, रिव्हेट, सगळं पिशवीत ठेवलंय. अर्ज तयार आहे.

प्लायने घात केला म्हणून मी लाकडाच्या नावाने खडे फोडत होतो, आणि शेवटी नवीन फ्लोअर प्लायचंच केलं. फरक दर्जाचा. मरीन प्लायला आयएस ७१० चा शिक्का ७२ तास उकळत्या पाण्यात टिकल्याशिवाय मिळत नाही. १२ मिलिमीटरची घेतली, कडांना आणि प्रत्येक भोकाला आधी इपॉक्सी पाजलं, खाली दोन आडव्या नळ्या दिल्या. आता कुठेही गुडघा टेकवा, हलत नाही. तंबू घेणाऱ्याने दुकानात गादी उचलून बाहेरच्या भागाच्या बरोबर मध्ये एका गुडघ्यावर भार द्यावा, कडेच्या पट्टीत नख घालून बघावं, आणि दुकानदाराला राग आला तर येऊ द्यावा. अ‍ॅल्युमिनियम हनिकोंबचं फ्लोअर परवडत असेल तर तेच घ्यावं, त्यात पाणी पिणारं काही नसतं.

आणि ज्या कापडावर सगळे बोलतात म्हणून मी चिडतो, ते कापड मात्र उत्तम निघालं, हेही लिहायला हवं. एवढ्या उन्हापावसात एक शिवण उसवली नाही. तेच बनवणारे, मग फ्लोअरशीच असं का वागले?

पण प्लायमुळे तंबू दहा-बारा किलोंनी जड झाला. बऱ्याच एसयूव्हींचं छप्पर चालत्या गाडीत ७५ ते १०० किलोच पेलतं, त्यात कॅरिअरही धरायचा. गाडी उभी असताना त्यावर तिघं झोपली तर चालतं, वळणावर ते चालत नाही. परवा वरंधा घाटात गाडी वळणावर मला नेहमीपेक्षा जास्त कललेली वाटली आणि पाण्याचा कॅन वरून काढून आत घेतला. बायको म्हणते, जमिनीवरचा साधा तंबू घेऊ, हा विकून टाक. मला ते पटतं. पण विकताना घेणाऱ्याला फ्लोअरची सगळी हकिकत सांगावी लागेल, आणि पावसाळ्यात ताम्हिणीत जमिनीवर झोपायचं म्हणजे रात्रभर जळवा काढत बसायचं.